लहानग्यांचा मधुमेह : सुईपलीकडची वाट

दिवाळीच्या अंकात मधुमेहावर लेख म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची फोड, असे कुणी म्हटले तर मी त्याला नावे ठेवणार नाही. चकली-अनारशांच्या शेजारी हा विषय शोभत नाही खरा. पण तो नेमका याच दिवसांत घरोघरी निघतो. कुणी करंजी नको म्हटली की, "काय, शुगर निघाली की काय?" असा प्रश्न येतो. आणि नको म्हणणारे पोर दहा-बारा वर्षांचे असले म्हणजे प्रश्नाचा सूरच बदलतो. "एवढ्याशा जिवाला? फार गोड चारलेत वाटतं!" हे ज्या आईला ऐकून घ्यावे लागते तिची बाजू मांडावी, आणि तिच्या लेकरासाठी जगातल्या प्रयोगशाळांतून सध्या काय चालले आहे ते सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू. मी मराठी शिकवते, डॉक्टर नव्हे. तेव्हा घरगुती भाषेतच सांगेन.

मधुमेह हा शब्द एक असला तरी रोग एक नाही. आपल्या काका-मामांना पन्नाशीच्या सुमारास जडतो तो दुसऱ्या प्रकारचा. त्यांच्या शरीरात इन्सुलिन असते, पण ते पुरेसे लागू पडत नाही. मुलांना बहुधा होतो तो पहिल्या प्रकारचा; त्यात इन्सुलिन तयार होणेच बंद पडत जाते. हा भेद काही अगदी कालपरवाचा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक 'सहज', म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्याने ओढवलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. आजच्या शास्त्राशी हे वर्गीकरण तंतोतंत जुळते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याची हौस आपल्याकडे आधीच फार आहे. परंतु ज्याला अपथ्य कारण नाही असाही हा रोग असतो, एवढे त्या वैद्याच्या नजरेस आले होते. आमच्या मुलुंडच्या सोसायट्यांतून ते अद्याप अनेकांच्या नजरेस यायचे आहे.

राखणदारच उलटतात तेव्हा

जठराच्या मागे आडवे पडलेले स्वादुपिंड नावाचे एक इंद्रिय आहे. १८६९ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पेशींचे निराळेच पुंजके दिसले. समुद्रात बेटे दिसावीत तसे. ते काय काम करतात हे त्याला कळले नव्हते. पुढे त्यांना 'लँगरहान्सची बेटे' असे नाव पडले आणि त्यांतून पाझरणाऱ्या द्रव्याला इन्सुलिन. हा शब्दही लॅटिनमधल्या बेटाच्या नावावरूनच आला आहे. (आम्हा भाषेच्या माणसांना असे काही सापडले की रोगाचा विसर पडतो. असो.)

या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. अन्नातली साखर रक्तात येते, पण पेशींच्या आत शिरून तिचे बळ व्हायचे तर इन्सुलिनने दार उघडावे लागते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात होते असे की, रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने ठेवलेले राखणदार या बीटा पेशींनाच परके समजून मारू लागतात. ते का बिथरतात याचा पुरता उलगडा झालेला नाही. काही जनुके वंशातून आलेली असतात, बाहेरून एखाद्या विषाणूचे निमित्त होत असावे असा तर्क आहे. पण पेढे-बर्फीने हा रोग जडत नाही, हे मात्र निश्चित. त्या आईने कुठलाही गुन्हा केलेला नसतो.

दार उघडेनासे झाले की रक्तात साखरेचा पूर आणि पेशींत दुष्काळ. मूल पाण्याचा तांब्या सोडत नाही, रात्रीतून चारदा उठते. कित्येक वर्षांपूर्वी सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय एकाएकी परत येते. भूक असूनही अंग झडते. मूल मलूल होते. आपण म्हणतो, परीक्षेचा ताण आहे, उन्हाळा आहे. मग एक दिवस पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरजोरात लागतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. ही अवस्था जिवावरची असते. रक्त आंबट होत चाललेले असते आणि मूल काही तासांत बेशुद्ध पडू शकते. वस्तुतः बोटाच्या टोकावरचा एक थेंब रक्त आणि एक मिनिट, एवढ्यावर निदान होते. ते करायचे सुचले पाहिजे, इतकेच.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला आठवीत असताना पोट बिघडले म्हणून आठ दिवस औषध चालू होते. नवव्या दिवशी तिला अतिदक्षता विभागात न्यावे लागले. सुदैवाने ती वाचली. आता ती रोज मुलुंडहून सकाळची गाडी पकडून पुढच्या शिक्षणाला जाते. बायकांच्या डब्यात पेन काढून पोटात सुई टोचून घेतली की समोरच्या बायका मान फिरवतात, आणि त्यांतली एखादी हमखास विचारते, "लग्नाचं काय करणार गं?" ती मला हसत सांगत होती. मला हसू आले नाही.

एका डॉलरचा हक्क

शंभर वर्षांपूर्वी हे मूल जगलेच नसते. त्या काळी एकच उपाय होता : उपासमार. अमेरिकेत डॉ. ॲलन यांच्या पद्धतीने मुलांना मोजून मापून, जेमतेम प्राण टिकेल एवढेच अन्न देत. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ अशीच तीन वर्षे तग धरून होती. १९२२ च्या ऑगस्टमध्ये आईने तिला टोरंटोला नेले तेव्हा तिला पंधरावे पुरे होत होते आणि वजन होते सुमारे वीस किलो.

टोरंटोला नेण्याचे कारण असे की, तेथे आदल्या वर्षी फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. अर्क अशुद्ध होता, गुण आला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा टोचला आणि साखर उतरली. शोधकांनी पेटंटचे हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. आणि ती एलिझाबेथ? तिने लग्न केले, तीन मुले वाढवली, आणि १९८१ साली, ७३ व्या वर्षी ती वारली.

पुढे कितीतरी वर्षे इन्सुलिन गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून येत असे. १९८२ साली जंतूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत मंजूर झाले, आणि २००३ मध्ये आपल्या मुंबईच्या वोखार्ट कंपनीने असे इन्सुलिन भारतात बनवून बाजारात आणले. आता पाच रस्त्यावरच्या केमिस्टकडे ते सहज मिळते. येथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती चुकली तर अनर्थ होतो. आपल्याकडे बाटलीतल्या इन्सुलिनात बहुधा एका मिलिलिटरला ४० एकके असतात आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. चाळिसासाठी लाल टोपणाची सिरिंज, शंभरासाठी नारिंगी. टोपणाचा रंग पाहिल्याशिवाय सिरिंज घेऊ नये.

तर इन्सुलिनने मूल जगते. पण इन्सुलिन म्हणजे रोग बरा करणे नव्हे; जे शरीर क्षणाक्षणाला आपसूक करत होते ते दिवसातून चार-पाचदा सुईने आणि अंदाजाने करणे, असा तो प्रकार आहे. पोळ्या किती, खेळणार किती, ताप आहे का, या सगळ्याचा हिशेब आईने मांडायचा. जास्त पडले तर साखर एकदम उतरते. मूल घामाघूम होते, झोपेतच शुद्ध हरपू शकते. म्हणून कित्येक आया वर्षानुवर्षे रात्री तीनला उठतात. दंडावर चिकटवायचे नाण्याएवढे यंत्र आता साखर सारखी मोजते, काही पंप तर त्यावरून आपणच इन्सुलिन सोडतात. पण त्यांचा दरमहाचा खर्च मध्यम घराला पेलत नाही. इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने २०२१ साली केलेल्या अंदाजात वीस वर्षांच्या आतली अशी मुले भारतात २ लाख २९ हजारांच्या घरात होती. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त.

मधुचंद्राचा धोका

या रोगात एक विलक्षण काळ येतो. निदान होऊन इन्सुलिन सुरू झाले की उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो, त्या पुन्हा कामाला लागतात आणि काही आठवडे, कधी काही महिने, इन्सुलिन अगदी थोडे पुरते. डॉक्टर मंडळींनी याला नाव दिले आहे मधुचंद्र! नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती असे दिसते. परंतु आपल्याकडे हाच काळ घातकी ठरतो. कारण नेमके तेव्हाच कुणीतरी "मुळापासून बरा" करणारे चूर्ण आणून देतो. इन्सुलिन उतरत असतेच; श्रेय चूर्णाला जाते. मग एक दिवस सुई बंद होते, आणि काही दिवसांनी मूल पुन्हा रुग्णालयात येते. काही मुले येतही नाहीत. चूर्ण विकणाऱ्यांविषयी माझे मत छापण्याजोगे नाही.

शास्त्रज्ञांनी या मधुचंद्रातून वेगळाच धडा घेतला. निदानाच्या दिवशी सगळ्या बीटा पेशी मेलेल्या नसतात. मग राखणदारांना आवरले तर उरलेल्या वाचतील काय? मेलबर्नमध्ये ९१ रुग्णांवर, संधिवातासाठी वापरल्या जाणाऱ्या बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीचा प्रयोग झाला. २०२३ च्या अखेरीस आलेल्या निष्कर्षांत, नुकत्याच आजारी पडलेल्या ज्या रुग्णांना ४८ आठवडे ती गोळी दिली त्यांच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन अधिक टिकले. सुई सुटली नाही, पण वाट सापडली.

त्याहून पुढची पायरी म्हणजे रोग दिसण्याआधीच त्याला गाठणे. राखणदार बिथरले की रक्तात त्यांच्या खुणा उमटतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. यांतली दोन किंवा अधिक रक्तात सापडली तर साखर अगदी निर्मळ असली तरी रोगाची पहिली पायरी ओलांडली असे आता मानतात. साखर किंचित बिघडू लागली की दुसरी. तहान, वजन घटणे ही आपल्याला दिसणारी लक्षणे तिसऱ्या पायरीवरची. म्हणजे आपण 'अचानक झाले' म्हणतो ते कित्येकदा काही महिने, काही वर्षे आत शिजत असते.

दुसऱ्या पायरीवरच्या ७६ जणांवर अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाचा प्रयोग झाला. सगळे मधुमेही रुग्णांचे नातेवाईक, बरेचसे मुलगे-मुली. चौदा दिवस रोज शिरेतून औषध, बस्स. २०१९ साली निष्कर्ष आले : ज्यांना औषध दिले नव्हते त्यांच्यापैकी निम्म्यांना सुमारे दोन वर्षांत मधुमेह झाला, औषध दिलेल्यांत निम्म्यांवर ती वेळ यायला सुमारे चार वर्षे लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आठ वर्षांवरच्या मुलांना व मोठ्यांना ते देण्यास परवानगी दिली. हा रोग लांबवणारे जगातले पहिले औषध. दोन वर्षे म्हणजे काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. त्याने एकदा आठ वर्षांच्या मुलाच्या आईला विचारावे, की मूल दहा वर्षांचे झाल्यावर पहिली सुई टोचायची मुभा मिळाली तर काय वाटेल. पण किंमत? चौदा दिवसांचे अमेरिकेत सुमारे १ लाख ९४ हजार डॉलर. तेव्हाच्या भावाने दीड कोटी रुपयांच्या वर. एका डॉलरच्या हक्कापासून आपण येथवर आलो आहोत.

एका बापाचा हट्ट

आणि ज्यांची बेटे कधीच बुडाली त्यांचे काय? त्यांना नवी बेटे द्यावीत, ही कल्पना जुनी आहे. २००० साली कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली बेटे सात रुग्णांत बसवली आणि सातहीजणांची सुई सुटली. जगभर गाजावाजा झाला. पण पाच वर्षांत अशा बहुतेक रुग्णांना पुन्हा थोडे तरी इन्सुलिन घ्यावे लागले. शिवाय एका रुग्णाला दोन-दोन दात्यांची बेटे लागत. इतके दाते आणायचे कुठून?

येथे गोष्टीत डग्लस मेल्टन येतात. हार्वर्डचे हे जीवशास्त्रज्ञ बेडकांच्या वाढीवर संशोधन करत. १९९१ साली त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह निघाला. मेल्टन यांनी बेडूक सोडले. मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांतून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशा मूळच्या पेशींपासून, बीटा पेशी घडवायच्या, हा त्यांनी ध्यास घेतला. दहा वर्षांनी त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीलाही हाच रोग झाला. २०१४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत अशा पेशी भरपूर तयार करण्याची रीत साधली. तेवीस वर्षे! दोन्ही मुलांची नावे जोडून त्यांनी कंपनीचे नाव ठेवले सेम्मा. ती पुढे व्हर्टेक्स या कंपनीने विकत घेतली.

जून २०२५ मध्ये व्हर्टेक्सच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हते. हे वाचून मीही क्षणभर पुस्तक बाजूला ठेवून बसले. पण पुढच्या ओळीही वाचायला हव्यात. दुसऱ्याच्या पेशी शरीराने हाकलू नयेत म्हणून या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. प्रयोगातले दोन रुग्ण दगावले. त्यांतला एक मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाने. ज्यांची साखर वारंवार जीवघेणी उतरते अशा प्रौढांसाठी ही जोखीम समजण्यासारखी आहे. सुईवर बरे चाललेल्या दहा वर्षांच्या मुलासाठी ती अजून कुणी सुचवत नाही.

म्हणून आता सगळा रोख आहे तो ही औषधे टाळण्यावर. चीनमध्ये तिआंजिनच्या पंचवीस वर्षांच्या एका स्त्रीच्या स्वतःच्याच पेशींपासून बेटे बनवून, जून २०२३ मध्ये पोटाच्या स्नायूंच्या थरात बसवली. अडीच महिन्यांत तिची सुई सुटली. मात्र यकृत बदलल्यामुळे ती आधीपासून तीच औषधे घेत होती, म्हणून कौल स्पष्ट मिळाला नाही. स्वीडनमध्ये उप्साला येथे डॉक्टरांनी दुसरीच युक्ती केली. दात्याच्या बेटांतली काही जनुके अशी बदलली की राखणदारांनी त्यांना ओळखूच नये. आणि ती एका बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हाताच्या स्नायूत सोडली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे, प्रतिकारशक्ती दाबणारे एकही औषध न देता बारा आठवड्यांनंतर त्या पेशी जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. मात्रा मुद्दामच लहान ठेवली होती, त्यामुळे त्याचे इन्सुलिन चालूच होते. एकच माणूस, बारा आठवडे. परंतु या क्षेत्रातले लोक या एका माणसाकडे फार आशेने पाहतात.

पुण्याची भर

हे सारे परदेशात. आपल्याकडे काय? वाचकांना वाटेल तितके आपण रिकामे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली अनेक वर्षे भारतीय शरीराच्या मधुमेहाचा माग काढीत आहेत. आपली नवजात बाळे वजनाला हलकी, पण चरबीने तुलनेने जास्त असतात, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांच्या अभ्यासातून दाखवले. त्यामुळे आपल्याकडे एक निराळाच घोटाळा होतो. युरोपात सडपातळ तरुणाला मधुमेह झाला की डॉक्टर पहिल्या प्रकाराचा संशय घेतात; आपल्याकडे सडपातळ तरुणालाही दुसरा प्रकार होतो. एकाला इन्सुलिनवाचून चालत नाही, दुसऱ्याला ते उगाच टोचले जाते.

इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने जनुके पाहून हा भेद ओळखणारा एक गुणांक बसवला होता, पण तो युरोपीय लोकांवरून. पुण्याचे डॉक्टर, हैदराबादची सी.सी.एम.बी. ही संस्था आणि एक्सेटर यांनी मिळून तो भारतीयांवर पडताळला : पहिल्या प्रकारचे २६२ रुग्ण, दुसऱ्याचे ३५२ आणि मधुमेह नसलेले ३३४ जण. २०२० साली निष्कर्ष छापून आले. गुणांक आपल्याकडेही कामाचा ठरला. पण युरोपीय लोकांत असतो तितका नेमका नाही, कारण आपल्या जनुकांची ठेवण थोडी वेगळी आहे. दिसायला ही लहानशी गोष्ट. पण रोग लांबवणारे औषध उद्या स्वस्त झाले तरी ते द्यायचे कुणाला, हे ठरवायला कुणाच्या रक्तात धोका आहे ते आधी कळायला हवे. आणि ते मोजायची पट्टी आपल्या अंगावर बेतलेली हवी.

इटलीने २०२३ मध्ये कायदाच करून सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांची प्रतिपिंडांसाठी तपासणी करायचे ठरवले. आपल्याकडे एवढी मजल लगेच जाणार नाही. तथापि ज्या घरात एक मूल या रोगाचे आहे त्या घराला डॉक्टरांपाशी हा विषय काढता येतो. पाश्चात्य देशांतल्या अनुभवाप्रमाणे अशा मुलाच्या सख्ख्या भावंडांना हा रोग होण्याचा संभव इतरांच्या सुमारे पंधरा पट असतो. तरीही बहुसंख्य भावंडांना तो होत नाही. चाचणी शिरेतल्या थोड्या रक्तावर होते. दोन प्रतिपिंडे निघाली तर ती घालवणारे औषध आज डॉक्टरांच्या हाती नाही, हे खरे. पण मग साखर ठराविक महिन्यांनी पाहता येते, आणि धाकट्याने रात्री तीनदा पाणी मागितले तर त्या घरात कुणी आठ दिवस पोटाचे औषध देत बसत नाही.